डागाची जबानी

मानेसरला अरवलीच्या पायथ्याशी, दिल्ली-जयपूर महामार्गालगत राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. डिसेंबर २००३ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी ते देशाला अर्पण केलं. त्याच मानेसरात आयएमटी ही औद्योगिक वसाहत आहे: मोटारींचा मोठा कारखाना, त्याला सुटे भाग पुरवणारी युनिटं, शिवणकामाचे एक्सपोर्टचे कारखाने, गोदामं. मेंदूच्या अभ्यासावर सरकारनं पैसा का खर्चावा, असं कुणी विचारत नाही. विचारूही नये. पण त्याच माणसाच्या कातडीचा रंग का बदलतो, तिला कशाची ॲलर्जी येते, यावर एखादा संशोधक आयुष्य घालवतो म्हटलं की शिकल्यासवरल्यांच्याही कपाळाला आठी पडते. ‘त्यात संशोधन कसलं? डाग आहे, क्रीम लावा. जिवावर थोडंच बेतलंय?’

या मताचा समाचार घेणं भाग आहे, कारण त्याची किंमत ते मांडणारे मोजत नाहीत. ती मोजतात कूलंटमध्ये, सिमेंटमध्ये, डिंकात आणि रंगात रोज हात घालणारी माणसं. मोजतात त्या बाया, ज्यांच्या कपाळावरचा पांढरा ठिपका पाहून सोयरीक मोडते.

आधी विज्ञानाचंच बघू. मेंदू म्हणजे खरं शास्त्र आणि कातडीचा रंग म्हणजे नटणंमुरडणं, ही वाटणी गर्भातच खोटी ठरते. आईच्या पोटात चौथ्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या पाठीवर एक नळी मिटत असते. तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. मिटताना तिच्या कडेवरून काही पेशी सुटतात आणि शरीरभर पांगतात. त्यांतल्या काहींच्या मज्जापेशी होतात, काही मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या गाभ्यात जाऊन बसतात आणि काही त्वचेच्या तळाशी मुक्काम करून रंग बनवू लागतात. रंगपेशी ही अशी मज्जासंस्थेची सख्खी बहीण आहे. मेंदूच्या इमारतीत तिला परकं मानायचं काही कारण नाही.

या रंगपेशी, म्हणजे मेलॅनोसाइट, मोजक्याच असतात. त्वचेच्या साधारण छत्तीस पेशींमागे एक. ती आपल्या बारीक फांद्यांतून मेलॅनिनचे दाणे शेजारच्या पेशींना पुरवते. कोकणातला मासेमार आणि स्वीडनमधला सुतार यांच्या कातडीत रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो दाण्यांच्या आकारात, प्रकारात आणि मांडणीत. आणि ही पेशी एकटी राहत नाही. ती शरीराच्या संरक्षणव्यवस्थेचं बोलणं सतत ऐकत असते. दिल्लीच्या जिनोमिक्स संस्थेत राजेश गोखले आणि विवेक नटराजन यांच्या गटानं २०१४ मध्ये दाखवून दिलं, की दाहाच्या वेळी संरक्षक पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचा जो निरोप धाडतात, तो पोचला की रंगपेशीतल्या दाण्यांची वाढ अर्ध्यावर थांबते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात रंग का फिकटतो, याचा एक धागा या कामातून हाती आला. हेच गोखले २०२१ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव झाले, आणि मानेसरचं मेंदू संशोधन केंद्र त्याच विभागाच्या छायेखाली चालतं. ‘पार्लरचा विषय’ अभ्यासणारा माणूस देशाच्या मेंदूसंशोधनाचंही खातं सांभाळायला गेला, यात ज्यांना विसंगती दिसते त्यांनी हा रंगपेशीचा नातेसंबंध पुन्हा एकदा वाचावा.

सगळ्या वादाचा कणा असा: आपल्यासारख्या सावळ्या, गव्हाळ, काळ्या कातडीत ॲलर्जी लाल दिसत नाही. ती काळी दिसते, नाहीतर पांढरी.

पाठ्यपुस्तकं मात्र गोऱ्या कातडीवर लिहिली गेली. त्यांत दाहाची पहिली खूण लाली. गव्हाळ त्वचेत ती लाली मेलॅनिनच्या पडद्याआड राहते. दाह ओसरताना तळाच्या पेशींना इजा झालेली असली, तर रंगाचे दाणे खालच्या थरात सांडतात, तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात आणि तसेच धरून बसतात. म्हणून राखाडी, निळसर-काळा डाग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं हलत नाही. खाज केव्हाच गेलेली असते. रुग्ण डॉक्टरकडे येतो तो ‘काळवंडलंय’ एवढंच सांगत, आणि समोरचा माणूस घाईत असला तर त्याला तो सौंदर्याचा प्रश्न वाटतो.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. लंडनमधल्या मुलांच्या इसबाचा अभ्यास करताना २००२ साली बेन-गाशिर आणि हे (Hay) या संशोधकांना आढळलं, की तीव्रतेच्या गुणांकनात लालीला वजन असल्यामुळे काळ्या मुलांचा गंभीर आजार सौम्य म्हणून नोंदला जात होता. लालीचा हिशेब बाजूला ठेवून पाहिल्यावर तीच मुलं कितीतरी जास्त आजारी निघाली. २०२० साली लंडनच्याच सेंट जॉर्जेसमधल्या मलोन मुक्वेंडे या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं काळ्या-सावळ्या त्वचेवर रोगखुणा कशा दिसतात याची पुस्तिका तयार केली, कारण वर्गात त्याला त्या कुणी शिकवल्याच नव्हत्या. जिथं बहुसंख्य लोक सावळे आहेत त्या देशात हे काम परक्यांनी करून द्यायची वाट बघणं शोभत नाही.

आणि आपल्याकडे ते झालेलं आहे. पुण्यातच झालंय.

१९५५ च्या सुमारास पुण्यात एक नवं तण दिसलं. १९५६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं सर्रास मानलं जातं. पांढऱ्या टोपीसारखी फुलं म्हणून लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटलं, पानं गाजरासारखी म्हणून गाजर गवत, कुठं चटक चांदणी. थोड्याच वर्षांत शेतकरी विचित्र तक्रारी घेऊन दवाखान्यात येऊ लागले. पापण्या सुजलेल्या, मानेच्या घड्या चिघळलेल्या, कोपराच्या आतल्या बाजूला खाजून खाजून जाड झालेली कातडी. ‘उष्णता झाली’, ‘रक्त बिघडलं’ अशी निदानं आपल्याकडे अशा वेळी तयारच असतात. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी तसं म्हणून हात झटकले नाहीत. त्यांनी आणि डॉ. जोग यांनी १९६८ मध्ये या वनस्पतीमुळे झालेल्या त्वचादाहाची नोंद प्रसिद्ध केली. १९७४ मध्ये लोणकरांनी कॅनडाचे मिचेल आणि लंडनचे कॅल्नन यांच्यासह हा आजार जगापुढे सविस्तर मांडला. वाळलेल्या गवताच्या धुळीतून, त्यावरच्या बारीक लवेतून पार्थेनिन हे रसायन हवेत उडतं आणि जिथं घाम साचतो, घड्या पडतात तिथं बसतं.

हा आजार पुढे काय करतो तेही पाहण्यासारखं आहे. काही वर्षांनी अनेकांची कातडी उन्हालाच सोसेनाशी होते. चेहरा, मान, हातांची वरची बाजू जाड, सुरकुतलेली, काळीठिक्कर होते. गवत दूर केलं तरी ऊन पुरतं. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांसाठी अझाथायोप्रिन हे औषध वापरून पाहिलं, त्याच्या मात्रा बसवल्या. प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीरानं नाकारू नये म्हणून जे औषध देतात, ते एका तणाच्या ॲलर्जीसाठी द्यावं लागतं, यावरून ‘किरकोळ’ या शब्दाची लायकी कळावी. शेतकऱ्याला शेत सोडावं लागतं, आणि गावात त्याची ओळख उरते ती ‘काळा पडलेला माणूस’ अशी. गाजर गवत आज हरियाणातही रस्त्याकडेला, पडीक जागेत, कुंपणांच्या कडेनं माजलेलं असतं. पुण्याच्या दवाखान्यात झालेलं काम उत्तरेतल्या कामगारालाही उपयोगी पडतं ते असं.

आता दुसरा आक्षेप. ‘पांढरा डाग म्हणजे कोड. ते रक्तात असतं, घराण्यात असतं. रसायनाचा काय संबंध?’

टिकलीकडे बघा. पाठीमागे डिंकाचा पातळ थर असलेली साधी गोल टिकली. वर्षानुवर्षं रोज एकाच जागी चिकटवलेली. एक दिवस ती काढल्यावर खाली तेवढ्याच व्यासाचं, रेखीव कडेचं पांढरं वर्तुळ दिसतं. कुठलंही घराणं इतकी अचूक भूमिती जन्माला घालत नाही. अलाहाबादचे डॉ. ए. के. बजाज आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये दाखवलं, की टिकलीच्या डिंकातलं सुटं पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफेनॉल हे यामागे आहे. या रसायनाची घडण टायरोसिनशी मिळतीजुळती असते, आणि रंगपेशी मेलॅनिन बनवते ते टायरोसिनपासूनच. पेशीतलं विकर फसतं, चुकीचा कच्चा माल उचलतं आणि त्यातून जे तयार होतं ते पेशीलाच विषारी ठरतं. रंगाचा कारखाना स्वतःच्याच भट्टीत जळतो.

कोलकात्याचे संजय घोष आणि मुखोपाध्याय यांनी २००९ मध्ये रासायनिक पांढऱ्या डागांच्या ८६४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केसांच्या रंगामुळे २७.४ टक्के, डिओडरंट आणि अत्तरांमुळे २१.६ टक्के, टिकलीमुळे १२ टक्के, रबरी चपलांमुळे ९.४ टक्के. चपलेचा डाग तर पावलावर पट्ट्याचा आकार जसाच्या तसा काढून ठेवतो. रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत या सगळ्या. यातली एकही वस्तू माणसाला त्याच्या आजोबांकडून रक्तातून मिळत नाही.

एक गोष्ट इथं मान्य करायला हवी. बहुतेक कोड रासायनिक नसतं. ते शरीराच्या स्वतःच्या संरक्षणपेशींनी रंगपेशींवर केलेल्या हल्ल्यातून येतं, आणि त्यात जनुकांचा वाटा असतो. पण म्हणून बाहेरचं कारण शोधायचंच नाही, असं ठरत नाही. उलट रसायनानं जखमी झालेली रंगपेशीच पुढच्या हल्ल्याला निमित्त ठरू शकते; डाग टिकलीखाली सुरू होतो आणि मग जिथं टिकली कधी लागलीच नाही तिथंही उमटतो. ॲलर्जीचा अभ्यास आणि रंगाचा अभ्यास वेगळा करता येत नाही तो याच कारणानं. इंटरफेरॉन गॅमाची साखळी संशोधकांनी उलगडली, म्हणून तर ती तोडणारं रुक्सोलिटिनिब मलम २०२२ मध्ये अमेरिकेत कोडासाठी मंजूर झालं.

आणि ‘जिवावर बेतत नाही’ म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांचं काम पाहावं. स्वतःच्या अंगावर पांढरे डाग असलेल्या या डॉक्टरबाईंनी श्वेता असोसिएशन उभं केलं, ‘कोड’ या शब्दामागची दहशत घालवायला ‘पांढरे डाग’ म्हणा असा आग्रह धरला, वधूवर मेळावे भरवले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ साली ‘नितळ’ हा चित्रपट याच विषयावर केला. ज्या समाजात एका डागासाठी संस्था काढावी लागते आणि चित्रपट काढावा लागतो, तिथं तो डाग किरकोळ आहे असं म्हणणं म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढून घेणं.

सगळ्यात चिवट आक्षेप मात्र तिसरा. तो कारखान्याच्या ऑफिसातून येतो, दुकानातून येतो, कधी घरातूनही. ‘सगळे तेच वापरतात, सगळे तेच काम करतात. यालाच का झालं? याचीच कातडी नाजूक.’

या वाक्यात कारण बाहेर असतं ते माणसाच्या आत ढकललं जातं. १९३९ साली अमेरिकेतल्या एका चामड्याच्या कारखान्यात कामगारांच्या हातांचा रंग उडू लागला. कृष्णवर्णीय कामगारांच्या हातांवर तो लख्ख दिसत होता: बोटांपासून कोपराच्या अलीकडेपर्यंत, आणि मग एकदम सरळ रेष. ऑलिव्हर, श्वार्ट्झ आणि वॉरन या डॉक्टरांनी रेषेचा माग काढला तेव्हा ती रबरी हातमोज्यांच्या काठाशी जुळली. रबर लवकर झिजू नये म्हणून त्यात घातलेलं हायड्रोक्विनोनचं एक संयुग रंगपेशी मारत होतं. संरक्षणासाठी दिलेले हातमोजेच दोषी निघाले. त्या कामगारांना ‘तुमचीच कातडी नाजूक’ असं म्हणून घरी पाठवलं असतं, तर रासायनिक पांढऱ्या डागांचं शास्त्र तिथंच गर्भात मेलं असतं.

जपानचं उदाहरण ताजं आहे. तिथल्या कानेबो कंपनीच्या त्वचा उजळवणाऱ्या प्रसाधनांत रोडोडेंड्रॉल हे द्रव्य होतं. ते झाडांच्या सालीत निसर्गतः सापडतं, आणि सरकारनं त्याला रीतसर मान्यता दिलेली होती. ग्राहकांच्या सुरुवातीच्या तक्रारी ‘हा तुमचा आजार आहे’ या समजुतीपायी बाजूला राहिल्या. जुलै २०१३ मध्ये कंपनीला ५४ उत्पादनं बाजारातून मागे घ्यावी लागली. चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे चट्टे उठलेल्यांची संख्या १९ हजारांच्या पुढं गेली. वापरणाऱ्यांपैकी साधारण शंभरात दोघांना त्रास झाला; उरलेल्या अठ्ठ्याण्णव जणांना काहीच नाही. ‘यालाच का झालं’ हा प्रश्न विचारायचा असेल तर तो संशोधनाच्या टेबलावर विचारायला हवा, कारण तिथं त्याला उत्तर मिळतं. मॅनेजरच्या टेबलावर विचारला की तो प्रश्न राहत नाही, आरोप होतो.

‘नैसर्गिक आहे, बाधणार नाही’ हेही त्याच जातीचं. मराठी घराला हे कुणी शिकवायला नको. बिब्बा झाडालाच लागतो, आणि बिब्बा उततो हे आजीला पक्कं ठाऊक असतं: आज लागला, दोनेक दिवसांनी अंग फोडांनी भरलं, मग काळा वण राहिला. उशिरा उमटणारी स्पर्शाची ॲलर्जी हीच, आणि तिच्यासाठी मराठीत स्वतंत्र क्रियापद आहे. धोब्यांनी कपड्यांवर बिब्ब्याच्या खुणा केल्या आणि त्या कपड्यांनी अमेरिकन सैनिकांच्या अंगावर पुरळ उठलं, त्याचा शोधनिबंध १९४३ मध्ये अमेरिकेत छापून आला. आपल्या घरातलं शहाणपण होतं ते. आपण ते पुढं प्रयोगशाळेपर्यंत नेलं नाही.

मग डाग पडल्यावर माणूस करतो काय? औषधाच्या दुकानात जातो आणि ‘डागाची ट्यूब’ मागतो. फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली आणि २०२० मध्ये तिनं नावातला ‘फेअर’ टाकला. मधल्या पंचेचाळीस वर्षांत गोरेपण हा कातडीचा आदर्श म्हणून दोन पिढ्यांच्या मनात मुरला. डाग जावा असं वाटण्यात काही गैर नाही. गैर आहे ते त्यावर फासलं जाणारं. अबीर सारस्वत आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टिरॉइडची मलमं लावत होते, आणि त्यांतल्या कितीतरी जणांनी ती गोरं होण्यासाठी घेतली होती. स्टिरॉइडनं दाह दबतो, रंग काही दिवस उजळतो, आणि मग कातडी कागदासारखी पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, मलम थांबवलं की आग होते. २०१८ मध्ये सरकारनं अशी चौदा मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. त्यासाठी देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं भांडत होते.

अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडल्याचं २०२३ साली बाहेर आलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात धागेदोरे जुळले ते एका गोरेपणाच्या क्रीमपाशी, आणि क्रीममध्ये पारा सापडला. पारा रंग बनवणारं विकर बंद पाडतो, म्हणून चेहरा उजळतो. पण तोच पारा कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाची गाळणी फाडतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये चुकूनही राहिलेला पारा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त असता कामा नये. डागाला सौंदर्याच्या खात्यात टाकलं की तो डॉक्टरच्या हातून सुटून बिनलेबलच्या डबीत जातो. ‘जिवावर बेतत नाही’ हे वाक्य अकोल्यातल्या त्या घरात जाऊन म्हणून दाखवावं.

मानेसरच्या, आणि त्याच कामाच्या चाकण, रांजणगाव, वाळूजच्या कामगाराकडे वळलं की वादाचा रोख बदलतो. लेथवरच्या कूलंटमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून घातलेली रसायनं, रबरातली प्रवेगकं, इपॉक्सी रेझिन, निकेल, कापडावरचं फॉर्मल्डिहाइड, बांधकामावरच्या सिमेंटमधलं क्रोमियम. प्रत्येकाची ॲलर्जी जगभर नोंदलेली आहे, आणि उपायही. डेन्मार्कमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सिमेंटमध्ये फेरस सल्फेट घालू लागले. त्यानं क्रोमियमचं घातक रूप निरुपद्रवी होतं. तिथल्या सिमेंट कामगारांतली क्रोमियमची ॲलर्जी घसरणीला लागली. युरोपनं २००५ पासून दहा लाखांत दोन भाग ही मर्यादा घातली. कुणाही गवंड्याला त्यासाठी क्रीम लावावं लागलं नाही. बदललं ते सिमेंट. पण सिमेंट बदलण्याआधी कुणीतरी गवंड्याचे हात तपासून क्रोमियमचं नाव लिहावं लागतं.

कायदा याबाबत मुका नाही. कारखाने कायदा, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत रसायनं आणि रंग यांच्या थेट स्पर्शानं होणारा त्वचादाह होता, त्यात ‘ॲलर्जी जागवणारे’ असा स्पष्ट उल्लेखही होता. तो आढळला की व्यवस्थापकानं आणि तपासणाऱ्या डॉक्टरनं कारखाना निरीक्षकाला कळवणं बंधनकारक होतं. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनंही अशी यादी ठेवली. ब्रिटनमध्ये तर व्यावसायिक कोड हा भरपाईयोग्य औद्योगिक रोग आहे, आणि कारणांत तेच टिकलीतलं ब्युटाइलफेनॉल आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या यादीतही कोडाची नोंद आहे. आपल्या कामगाराच्या हातावर पांढरा चट्टा पडला, तर तो कामातून आलाय का, हे विचारायची सवयच नसेल, तर यादीचा उपयोग काय? केसपेपरवर ‘खाज’ लिहिलं जातं, ट्यूब दिली जाते, निरीक्षकापर्यंत काही पोचत नाही. आणि निरीक्षकाकडे नोंद नाही म्हणून पुन्हा हेच म्हटलं जातं, की हा प्रश्न फारसा नाहीच.

शोधायचं साधन जुनं आणि साधं आहे. योसेफ यादासोन यांनी १८९५ मध्ये मांडलेली पॅच टेस्ट. पाठीवर छोट्या ॲल्युमिनियमच्या वाट्या, प्रत्येकीत एक संशयित द्रव्य, वरून चिकटपट्टी. अट्ठेचाळीस तासांनी पट्ट्या काढायच्या, जागा पेनानं आखून ठेवायच्या आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा वाचायच्या. भारतातल्या तज्ज्ञांनी आपल्या देशासाठी द्रव्यांचा वेगळा संच ठरवला आहे; त्यात निकेल, क्रोमियम, केसांच्या रंगातलं पीपीडी, ब्युटाइलफेनॉलचं रेझिन आणि गाजर गवतही आहे. सावळ्या पाठीवर ही चाचणी नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही. हात अनुभवी हवा: डॉक्टर बोट हळूच फिरवतो, आणि जिथं रंगात काहीच दिसत नाही तिथं बोटाला बारीक दाणे लागतात.

त्या चार दिवसांत पाठीला पाणी लागू द्यायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही, जड उचलायचं नाही. मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, कंत्राटावरच्या माणसानं हे कसं पाळायचं? पट्टी लावायला एक दिवस, काढायला एक, वाचायला एक. तिन्ही दिवस हजेरी बुडते, आणि खाडा धरला की पगार कापला जातो. म्हणून पट्ट्या बहुधा लागतच नाहीत. मानेसरात कामगार विमा योजनेचं रुग्णालय आहे, आयएमटीत हजारो विमाधारक आहेत. संशयित रुग्णाच्या चाचणीचे तीन दिवस आजारपणाच्या रजेत धरावेत, पट्ट्या काढायची आणि वाचायची वेळ शिफ्ट सुटण्याला जुळवून घ्यावी, कारखान्यानं कूलंट, डिंक आणि हातमोज्यांचा थोडा थोडा नमुना डॉक्टरकडे पाठवावा, आणि चाचणी होकारार्थी आली तर अनुसूचीप्रमाणे नोंद व्हावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी इमारतही लागत नाही. लागतो तो पाठीवर पेनानं आखलेल्या चौकोनांवरून बोट फिरवणारा एक डॉक्टर, आणि ती पाठ घेऊन शुक्रवारी परत येऊ शकणारा कामगार.